ड्रेजर उतरण्याआधी जुवारीचा चिखल वाचून घ्या

पाऊस ओसरला, दर्या निवळला की आमच्या नद्यांत आणखी एक हंगाम सुरू होतो. हा हंगाम माशांचा नाही, पोकलेनचा. बार्जवर चढवलेली लांब दांड्याची पोकलेन, कुठे नळीने गाळ ओढणारा मोठा ड्रेजर, कुठे जेटीचे खांब ठोकणारा हातोडा. पुढचा पाऊस येईपर्यंत हे चालतं. या दिवसांत सोसायटीकडे दोन तऱ्हेचे फोन येतात. एक असा, "तोंडावरची वाळू कधी काढणार? होडी आदळते." दुसरा असा, "इथे गाळ उपसताहेत, तिसऱ्यो मेल्या, कोणाला सांगायचं?" कधी कधी दोन्ही फोन एकाच गावातून येतात.

म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. गाळ काढू नका असं आमचं म्हणणं नाही. साळ नदीच्या तोंडावर बेतूलला, तसंच शापोऱ्याला वाळूचे पट्टे साचतात, त्यावर बोटी आपटतात, उलटतात. तिथली वाळू काढा ही मागणी मच्छीमारांचीच आहे. वाद कामाचा नाही. काम कुठे, कोणत्या महिन्यात, कोणत्या पाण्यावर, आणि उपसलेला गाळ कुठे टाकणार, याचा आहे. हे चार प्रश्न कामाची निविदा निघण्याआधी विचारले गेले तर पुढचं पुष्कळसं नुकसान टळतं. यंत्र नदीत उतरल्यावर विचारले तर ठेकेदार आपल्याला वर्क ऑर्डर दाखवतो, आणि त्यात मेंडयांचा उल्लेख नसतो.

मेंडयांपासूनच सुरू करू. जुवारीच्या दक्षिण काठाला चिखलीची खाडी आहे, पलीकडच्या काठाला नावशी. दोन्हीकडे मऊ चिखल, लाटेचा मार कमी. असल्या जागी मेंडी राहते. सपाट, गोल, ताटलीसारखी शिंपली, इतकी पातळ की उजेड आरपार दिसतो. पोर्तुगीज काळातल्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जे शिंपल्यांचे तुकडे बसवलेले दिसतात ते हिचेच. तिची मोठी वस्ती देशात मोजक्याच ठिकाणी सापडते: कच्छचं आखात, काकीनाडा, तुतीकोरीनचा किनारा, आणि आपली जुवारी. 2001 पासून ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे.

याचा अर्थ आमच्यातल्या कोणी टोपलीभर मेंडयो काढल्या तर तो गुन्हा. हे आम्हाला मान्य आहे, आणि सभासदांना आम्ही ते सांगत आलो आहोत. पण मग ड्रेजरच्या बादलीला कोणता कायदा लागू होतो? टोपलीभर काढणारी बाई गुन्हेगार आणि खाडीचा तळच उचलून नेणारं यंत्र विकासाचं, हा हिशेब आम्हाला आजवर कोणी नीट समजावून दिलेला नाही.

मेंडीची अडचण अशी की ती पळू शकत नाही. तिसरी निदान चिखलात खोल शिरते, थोडं वरखाली सरकते. मेंडी चिखलाच्या पाठीवर आडवी पडून असते, एका बाजूवर निजल्यासारखी. पाणी आत ओढायचं, त्यातलं खाणं गाळून घ्यायचं, पाणी बाहेर सोडायचं, एवढंच तिचं जगणं. यंत्राची बादली तिच्या अंगावर पडायलाच हवी असं नाही. दूर कुठेतरी गाळ ढवळला, तो भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत आला आणि तिच्यावर बसला की ती गुदमरते. शिणाणे आणि कालवे खडकाला धरून असतात, त्यांच्यावरही गाळ बसतोच, पण तळावर सपाट पडलेल्या मेंडीचे हाल सगळ्यांत जास्त. तिसऱ्यांचं बारीक बी तर नखाएवढंही नसतं. त्याला गाडायला फार गाळ लागत नाही.

अधिकारी जेव्हा म्हणतात की "कामाची जागा मेंडयांच्या जागेपासून लांब आहे", तेव्हा आमचा पुढचा प्रश्न असायला हवा: लांब म्हणजे किती, आणि कोणत्या पाण्यावर? नकाशावर अंतर मीटरमध्ये मोजतात. गाळाचा प्रवास मात्र भरती-सुकतीने मोजावा लागतो. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, जुवारीतलं पाणी जोरात धावतं. त्याच जागी भांगाच्या दिवसांत तेच काम केलं तर गाळ निम्म्या वाटेवर खाली बसेल. हे समजायला डिग्री लागत नाही. पागेर टाकणाऱ्या कोणालाही विचारा, कोणत्या तिथीला पाणी कुठून कुठे ओढ घेतं ते तो बसल्या जागी सांगेल. खाडी वरच्या बाजूला असेल तर सुकतीच्या पाण्यावर उपसा करा, म्हणजे गाळ दर्याकडे जाईल. भरती लागली की यंत्र थांबवा. ठेकेदाराला हे परवडत नाही असं तो म्हणेल, कारण यंत्राचं भाडं दिवसावर असतं. म्हणूनच हे आधी लिहून घ्यायचं, म्हणजे तो दर भरताना थांबण्याचे तास धरूनच भरेल.

सिल्ट कर्टनचं नाव आता सगळ्या कागदांत असतं. म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या नळीला टांगलेला जाड कापडाचा पडदा, खाली साखळीचं वजन. ढवळलेला गाळ पडद्याच्या आत राहावा हा हेतू. चांगली वस्तू आहे, पण ती संथ पाण्याची वस्तू आहे. पाण्याचा वेग साधारण एक नॉट, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर, याच्या वर गेला की पडदा उताणा होतो आणि गाळ खालून निघून जातो. नदीच्या तोंडावर, उधाणाच्या सुकतीला, तो पडदा नुसता शोभेचा. तेव्हा "सिल्ट कर्टन लावणार" एवढं वाक्य वाचून समाधान मानू नका. किती वेगाच्या पाण्यापर्यंत लावणार, आणि त्यापुढे काम बंद ठेवणार का, ते विचारा. आडव्या झालेल्या पडद्याचा फोटो मिळाला तर तारीख आणि वेळ घालून ठेवा.

आता महिन्यांचं बघू. यंत्राचा हंगाम आणि जनावरांचा विणीचा हंगाम एकावर एक येतात, हीच सगळ्यांत मोठी गाठ आहे. आपल्या पाणमांजराचंच घ्या, ज्याला जुने लोक ऊद म्हणतात. चोडणच्या खारफुटीत, दिवाडीच्या बांधांवर, मानशीच्या तोंडाशी ती पहाटे दिसतात. जगाच्या यादीत ती असुरक्षित, आपल्या कायद्यात पहिल्या अनुसूचीत. पाऊस संपल्यावर आणि थंडीत त्यांची पिल्लं बिळात असतात, आणि बांधाच्या दुरुस्तीची कामं नेमकी त्याच वेळी निघतात. बीळ असतं बांधाच्या पोटात, मुळांच्या जाळीत, दगडांच्या फटीत. वरून काही दिसत नाही. पोकलेनवाल्याने एक फेरा मारला की बीळ बंद, पिल्लं आत.

आमच्यातल्या पुष्कळांना पाणमांजराचा राग आहे, हे आम्ही नाकारत नाही. जाळी फाडतात, मानशीतला मासा पळवतात. जाळं फाटलं की दोन दिवसांचा धंदा जातो. तरीही ज्या मानशीवर पाणमांजर आहे तिथे मासा आहे, एवढं तरी त्यावरून कळतंच. मासा संपला की तेही निघून जातं.

कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. त्यांचंही असंच. मगर उन्हाळ्याच्या तोंडाला काठाच्या मातीत अंडी घालते आणि पाऊस लागायच्या सुमाराला पिल्लं बाहेर येतात. म्हणजे काठ खणायला सोयीचे जे कोरडे महिने, तेच अंड्यांचे महिने. हा पेच आपल्या एकट्याचा नाही. बडोद्याच्या वाचकांना विश्वामित्रीचं वेगळं सांगायला नको. 2024 च्या ऑगस्टमध्ये शहरात पूर आला, पुढच्या वर्षी नदी रुंद-खोल करायचं काम निघालं, आणि त्या नदीत तर शहराच्या मधोमध मगरी राहतात, काठाच्या बिळांत. पूर थांबवायला हवाच, त्यात दुमत कोणाचं असणार? पण पावसाआधी काम संपवायचं म्हटलं की ते अंड्यांच्या दिवसांतच येतं. अशा ठिकाणी एकच धड उपाय उरतो. काठाचे तुकडे पाडायचे, कोणत्या तुकड्यात बिळं आणि अंडी आहेत ते आधी पायी फिरून बघायचं, आणि तो तुकडा शेवटी घ्यायचा. पायी फिरण्याला वेळ लागतो. यंत्राला लागतो त्याच्या मानाने काहीच नाही.

खांब ठोकण्याच्या आवाजाबद्दल थोडंच सांगतो. मांडवी-जुवारीच्या तोंडाला पाठीवर कुबड असलेले डॉल्फिन येतात, तेही जगाच्या यादीत धोक्यात आलेले. पाण्याखाली हातोड्याचा आवाज फार लांब जातो. ब्रिटनमध्ये यासाठी साधे नियम आहेत: सुरू करण्याआधी अर्धा तास पाण्यावर नजर ठेवायची, 500 मीटरच्या आत डॉल्फिन दिसला तर थांबायचं, आणि पहिली निदान 20 मिनिटं हळू ठोकायचं, म्हणजे जनावराला लांब जायला अवसर मिळतो. यात महागडं यंत्र कुठलंच नाही. एक माणूस, एक दुर्बीण, एक घड्याळ. तो माणूस आमच्यातला का नसावा?

उपसलेल्या गाळाचं काय होतं, यावर आमचा सगळ्यांत जास्त राग आहे. ठेकेदाराला गाळ जवळ टाकायला हवा असतो, कारण लांब नेला की डिझेल जळतं. जवळ म्हणजे कुठे? खारफुटीच्या मागे, पडीक खाजनात, नाहीतर सुकतीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर. आमच्याच भागातल्या एका जेटीच्या कामात गाळ रात्री तिसऱ्यांच्या जागेवर ओतला गेला. सकाळी बायका टोपल्या घेऊन गेल्या तर तिथे काळा, वास मारणारा थर. हा काळा गाळ नुसता घाण नसतो. तळाशी हवेविना कुजलेला असतो, तो वर आला की पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो. शिवाय जुवारीत वर्षानुवर्षं खनिजाच्या बार्ज चालल्या, त्याची लाल-काळी माती तळाशी बसून आहे. ती उकरायची असेल तर आधी तपासायला नको? त्या जागेवर पुढच्या हंगामात तिसऱ्यो लागल्या नाहीत. पंचनामा झाला नाही, कारण "तिथे आधी काय होतं" याचा कागद आमच्याकडे नव्हता आणि त्यांच्याकडेही नव्हता.

नियमात याला जागा आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत खारफुटी, जिवंत चिखलपट्टे, पक्ष्यांच्या विणीच्या जागा, कासवांच्या अंड्यांच्या जागा सगळ्यांत वरच्या संरक्षणात येतात. खारफुटी 1000 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर तिच्याभोवती 50 मीटरचा पट्टाही धरायचा असतो. 2011 च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे, त्यात खाजनाच्या जमिनींचं आणि तिथल्या खारफुटीचं नाव घेतलेलं आहे. म्हणजे गाळ टाकायची जागा ही ठेकेदाराच्या मर्जीची गोष्ट नाही. ती आधी नकाशावर दाखवलेली असायला हवी, आणि तो नकाशा मागायचा आपल्याला हक्क आहे. माहिती अधिकारात मागा.

आणखी एक शब्दांचा खेळ आहे, तो ओळखायला शिका. खोलीकरण दोन प्रकारचं असतं. एक कॅपिटल ड्रेजिंग, म्हणजे जिथे आधी खोली नव्हती तिथे नव्याने करणं. दुसरं मेंटेनन्स ड्रेजिंग, म्हणजे आधी केलेल्या वाटेत साचलेला गाळ काढत राहणं. पहिल्याला पर्यावरण मंजुरी लागते. दुसऱ्याला सूट आहे, पण मूळ प्रकल्पात ते धरलेलं असेल आणि त्याला मंजुरी मिळालेली असेल तरच. म्हणून कामाच्या फलकावर "देखभाल" लिहिलेलं दिसलं की विचारा, कशाची देखभाल? मूळ मंजुरी कोणत्या सालची? 2016 साली मुरगाव बंदराच्या समुद्रवाटेचं खोलीकरण सुरू झालं तेव्हा पारंपरिक मच्छीमार हरित लवादाकडे गेले होते. मंजुरी जनसुनावणी न घेता दिली हा मुद्दा होता, आणि लवादाने काम थांबवलं. तो निकाल कागद वाचणाऱ्यांमुळे लागला. घोषणांमुळे नव्हे.

तर आपण काय करायचं? पहिलं म्हणजे, यंत्र येण्याआधीची नोंद. चिखलीत किंवा सांकवाळला सुकतीला कमरभर पाण्यात उतरणाऱ्या बाईला माहीत असतं की मेंडयो कुठे आहेत, तिसऱ्यांचं बी यंदा कुठे पडलं, खुबे कुठून सरकले. हे ज्ञान तोंडी आहे, आणि तोंडी ज्ञानाला सरकारी फाइलमध्ये जागा नसते. फोनवर जागेचा पिन टाका, हाताचं बोट किंवा नाणं बाजूला ठेवून फोटो काढा, तारीख आणि पाणी लिहा. मेंडी उचलू नका, जागेवरच फोटो घ्या, नाहीतर आपणच कायद्यात सापडायचो. बांधावर पाणमांजराची विष्ठा दिसली तर तिचाही फोटो. माशांचे खवले आणि कुर्ल्यांच्या कवचाचे तुकडे भरलेले असतात, वासावरून चुकायचं नाही.

दुसरं, पाण्याची नोंद. यासाठी कोणाची प्रयोगशाळा लागत नाही. वीसेक सेंटिमीटरची पांढरी ताटली घ्या, मधे भोक पाडून दोरी ओवा, खाली वजन बांधा, दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारा. होडीच्या सावलीच्या बाजूने ताटली पाण्यात सोडा. दिसेनाशी झाली की गाठी मोजा. मग वर ओढा, पुन्हा दिसली की परत मोजा. दोन्हींची सरासरी म्हणजे त्या दिवशीचं पाणी किती स्वच्छ त्याचं माप. शास्त्रज्ञ हेच करतात, त्यांच्या ताटलीला सेकी डिस्क म्हणतात. काम सुरू होण्याआधी निदान एक महिना, उधाणाला आणि भांगाला, ठरलेल्या जागी ठरलेल्या पाण्यावर हे माप घेतलं तर काम सुरू झाल्यावरचं माप शेजारी ठेवता येतं. मग "नदी नेहमीच गढूळ असते" हे उत्तर चालत नाही.

कोणी म्हणेल, मच्छीमारांनी ठरवून काही होतं का? केरळात अष्टमुडी तलावात आपल्या तिसऱ्यांसारखीच शिंपली काढतात. तिथे मासेमारी वाढून माल घटला, तेव्हा 1993 पासून डिसेंबर ते फेब्रुवारी हे विणीचे तीन महिने काढणी बंद ठेवली, जाळ्याच्या डोळ्याचं माप ठरवलं. माल परत आला. 2014 मध्ये त्या मासेमारीला टिकाऊपणाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिलंच. तिथल्या मच्छीमारांकडे सांगायला एक तारीख आहे: या महिन्यांत नको. आपल्याकडे तशी तारीख आपणच ठरवून पंचायतीच्या ठरावात घातली तर उद्या ड्रेजरवाल्यालाही ती दाखवता येईल. आपण स्वतः तीन महिने हात आवरलेला असेल तर समोरच्याला थांब म्हणायला आवाज चढवावा लागणार नाही. हे सगळ्या सभासदांना रुचणार नाही, माहीत आहे. मागच्या बैठकीत यावर बरीच खडाजंगी झाली. विषय पुन्हा घेणार आहोत.

जेटी हवी असलेल्या गावांना एक विनंती. जेटीच्या मागणीचा अर्ज देताना त्यासोबतच दुसरं पान जोडा: आमच्या खाडीत मेंडयो, तिसऱ्यो, पाणमांजर या या जागी आहेत, अमुक महिन्यांत उपसा नको, भरती लागली की यंत्र बंद, गाळ तमुक जागी टाकू नये, कामावर गावातला एक माणूस देखरेखीला ठेवावा. मागणी आणि अटी एकाच अर्जात गेल्या की निविदेत शिरायची शक्यता वाढते. काम सुरू झाल्यावर दिलेलं निवेदन फाइलच्या तळाशी जातं.

दोऱ्या ओवलेल्या सहा ताटल्या सोसायटीच्या कार्यालयात तयार आहेत. चिखली, सांकवाळ, कुठ्ठाळी, आगशी आणि नावशी या बाजूच्या सभासदांनी येत्या भांगाच्या आधी घेऊन जाव्या. चोडण-दिवाडीकडून ज्यांना बांधावरच्या बिळांचे फोटो पाठवायचे असतील त्यांनी पेजच्या इनबॉक्समध्ये पाठवावे. जागेचा पिन सगळ्यांना दिसेल असा खाली टाकू नये, पाणमांजराच्या मागावर असणारे लोकही हे पेज वाचतात.